मयत नोंदी करणाऱ्याच्याच नावावर

आल्बिना. आल्बिना१. आल्बिना नवी. आल्बिना खरी.

पास्कल अंकलनी बोरिवलीची खुर्ची सोडली.

जुना प्रिंटर, बिघडलेला.

छातीत दुखत असल्यास काउंटर दोनवर जावे.

पिंकी व इतर.

सोनचाफ्याचा हार, सकाळी ताजा, संध्याकाळी नाही.

१

वरच्या कुठल्याही ओळीचा दुसरीशी काही संबंध नव्हता. तो मी जोडला. एकट्याने! कुणाची मदत न घेता!

मी सुमेध. राहतो विरारला फुलपाड्यात, नोकरी वसईला होळीच्या बाजाराजवळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात. तिथे संगणक विभाग आहे. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि पंख्याच्या नावाखाली छताला लटकणारी एक वस्तू. स्वतःचं कौतुक करू नये, पण हॉस्पिटल माझ्यावर चालतं. डॉक्टरांना वाटतं त्यांच्यावर चालतं. वाटू दे.

आमच्या नेटवर्कला एक डिरेक्टरी आहे. सोसायटीच्या जिन्याखाली नावांचा बोर्ड असतो, तशीच. कोणता कर्मचारी, कोणता संगणक, कोणता प्रिंटर, सगळ्यांची नावं त्यात. बोर्डावर नाव असेल तर दार उघडतं. नसेल तर तुम्ही साक्षात ट्रस्टी असलात तरी बाहेर.

माझ्या आधीचा गृहस्थ जाताना सगळी दारं सताड उघडी टाकून गेला होता. कुणीही उठावं आणि बोर्डावर नवं नाव चढवावं! पासवर्ड विसरला की लोक माझ्याकडे यायचे नाहीत, सरळ नवं खातं उघडायचे. आल्बिना सिस्टर आमच्या मुख्य परिचारिका. वॉर्डातल्या प्रत्येक माणसाचा रक्तगट त्यांना तोंडपाठ, फक्त स्वतःचा पासवर्ड सोडून. म्हणून बोर्डावर चार आल्बिना. त्यातली "आल्बिना खरी" ही खरी, एवढं मला कळलं होतं. बाकीच्या तिघी काय करायच्या देव जाणे. रिसेप्शनची राधिका तर पाणीपुरीवाल्याच्या हाताने नावं काढायची. एक खाल्लं नाही तोवर दुसरं पुढ्यात.

बोर्ड फुटायला आला होता. मी ठरवलं, शिस्त लावायची. माणशी दहा नोंदी. बास.

२

ठरवलं त्याच आठवड्यात का, तर सोमवारी डायलिसिस विभागाचं उद्घाटन होतं. तीन खुर्च्या, तीन यंत्रं आणि प्रत्येक यंत्राजवळ एक नवा संगणक. किडनीचे डॉक्टर बोरिवलीला बसून पडद्यावर आकडे बघणार आणि त्यांनी हो म्हटलं की इथे सुई लागणार. त्यांना आकडे दिसले नाहीत तर सुई नाही, हा ट्रस्टचा कडक नियम. त्या तिन्ही संगणकांची नावं राधिकाने माझ्या सांगण्यावरून बोर्डावर चढवून ठेवली होती.

पहिल्या खुर्चीचा पहिला मानकरी ठरलेला होता. आल्बिना सिस्टरांचे यजमान, पास्कल अंकल. कोळीवाड्यातले. हयात बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात गेली. आता स्वतःचं इंजिन आठवड्यातून तीनदा खोलावं लागतं, असं तेच सांगायचे. सोमवार, बुधवार, शुक्रवार बोरिवली. जाताना पाय सुजलेले, येताना माणूस पिळून वाळत घातलेल्या टॉवेलसारखा. आता घरापासून दहा मिनिटांवर सोय होणार म्हणून त्या शुक्रवारी त्यांनी तिकडचं शेवटचं डायलिसिस केलं, आल्बिना सिस्टरांनी केलेला केक सगळ्या खोलीला वाटला आणि आपली खुर्ची सोडून आले. तिकडे खुर्चीसाठी रांग असते. सोडली की गेली.

हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

३

हॉस्पिटलातली प्रत्येक सूचना मराठीतच लागते. गुरुवारी रात्रीचं जेवण व्हायचं होतं, मी कागद घेऊन बसलो. इंग्रजीत डिरेक्टरीतल्या प्रत्येक नावाला ऑब्जेक्ट म्हणतात, त्याला शब्दकोशात वस्तू, पदार्थ, हेतू आणि कर्म असे चार अर्थ सापडले. प्रत्येक कर्मचाऱ्याने दहाच कर्मं करावीत, असं लिहायला माझा हात धजेना. पदार्थ लिहिलं असतं तर कॅन्टीन बंद पडलं असतं.

बायकोला विचारलं. उन्नती मेथी निवडत होती. ती विरारच्या एका वकिलांकडे टायपिंग करते. दिवसभर वारसाचे अर्ज.

"नोंद म्हण की," ती म्हणाली.

"आणि एक नोंद काढून टाकली, पण ती सहा महिने मोजली जाते. आहेही आणि नाहीही. तिला?"

तिने मान वर केली नाही. "मयत."

मला तिचा इतका अभिमान वाटला! एका शब्दात! मी लिहिलं:

सूचना. शुक्रवारपासून प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतःच्या नावावर कमाल दहा नोंदी करता येतील. काढून टाकलेल्या नोंदी सहा महिने मयत समजल्या जातील. मयत नोंदी त्या करणाऱ्याच्याच नावावर मोजल्या जातील. अपवाद नाही. — संगणक विभाग.

तुम्ही हे आता घरी बसून वाचताय. हेच हॉस्पिटलच्या भिंतीवर वाचून बघा.

४

शुक्रवारी सकाळी नोंदणीच्या काउंटरची रांग रस्त्यावरच्या नारळवाल्यापर्यंत गेली होती. मला वाटलं, साथ आली.

काउंटर एकवर राधिका पेशंटला नाव, वय, पत्ता विचारत होती आणि मग विचारत होती की आजार सिरियस आहे का.

"ते डॉक्टर सांगतील ना," पेशंट म्हणत होता.

"तुम्ही अंदाजे सांगा. माझ्या नावावर जाणार आहे."

चांदीपहून एक गृहस्थ छातीत दुखतंय म्हणून आले. राधिकाने त्यांना काउंटर दोनवर पाठवलं. काउंटर दोनवर मंदाताई. त्यांनी सांगितलं की माझ्या आठ झाल्यात आणि उरलेल्या दोन मी सर्दी-खोकल्यासाठी राखून ठेवल्यात, तुम्ही काउंटर एकवर जा. गृहस्थ एकवरून दोनवर, दोनवरून एकवर. तिसऱ्या फेरीत त्यांना एक दणदणीत ढेकर आला, चेहरा उजळला आणि ते घरी निघून गेले. या उपचाराचं श्रेय मला अजून कुणी दिलेलं नाही.

तापाने फणफणलेलं एक अख्खं कुटुंब आलं. मंदाताईंनी नोंद वाचवली. केसपेपरवर लिहिलं, पिंकी व इतर. औषधाच्या दुकानाने पिंकी व इतरांना मिळून एक बाटली दिली. प्रसूती विभागाने निरोप पाठवून विचारलं की जुळी एक धरायची की दोन. आयसीयूचे डॉक्टर स्वतः खाली आले, माझ्या टेबलाच्या कडेला बसले आणि फार हळू आवाजात म्हणाले की त्यांच्या विभागात हा नियम दुपारपर्यंतसुद्धा टिकणार नाही, आणि आधीचेही धरणार का.

मग आल्बिना सिस्टर आल्या. हातात भिंतीवरून उपटलेली सूचना, कोपऱ्यात प्लास्टरचा टवका.

"हे तू लिहिलंस?"

"हो, सिस्टर."

"शुद्धीत?"

मी सूचना परत घ्यायला हात पुढे केला.

"बाबा रे, मयत म्हटलं की इथे माणसं चादर ओढायला धावतात."

५

मी तातडीने हालचाल केली. हॉस्पिटलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की घाबरू नका, हे रुग्णांबद्दल नाही, संगणकाच्या डिरेक्टरीतल्या नोंदींबद्दल आहे. ज्यांच्या दहापेक्षा जास्त असतील त्यांनी नको असलेल्या काढून टाकाव्यात. आणि सावधगिरी म्हणून राधिका आणि मी सोडून बाकी सगळ्यांचा नवी नावं चढवण्याचा अधिकारच काढून घेतला. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. नमस्कार करणारे हात आणि विनंती करणारे हात मोबाइलवर सारखेच दिसतात.

काढून टाकलेलं सहा महिने मोजलं जातं, हे माझंच वाक्य. माझ्याच सूचनेतलं. मी लोकांना काढून टाका म्हणून सांगत होतो, म्हणजे तुंबलेल्या मोरीत पाणी ओतून ती रिकामी करा म्हणत होतो. माझ्या लक्षात आलं नाही. कुणाच्याच आलं नाही, कारण राधिका सोडून तो निरोप कुणी शेवटपर्यंत वाचलाच नव्हता.

शनिवारी दुपारी ती माझ्या दारात उभी राहिली, घाम पुसत, एखादीने घराचे माळे झाडावेत तशी.

"सर, सगळं क्लीन केलं. एकदम चकाचक. नको ते सगळं उडवलं. तुमचा पण कोटा फुल होता ना, तुमच्या पण काढल्या थोड्या. सरप्राइज."

मी तिला म्हटलं की हॉस्पिटलात आणखी चार राधिका असत्या तर वसई सुधारली असती. वर तिला आइस्क्रीम मागवलं.

६

(काढून टाकला. रविवारी मी किती निवांत होतो याचं यात वर्णन होतं. मोजला जाईल.)

७

सोमवारी सकाळी डायलिसिस विभागात फुगे. श्रीरंगकाका आमचे ट्रस्टी, केळीच्या आणि चाफ्याच्या वाडीचे मालक. त्यांनी फीत कापली, नारळ एका घावात फोडला, आणि आपल्याच वाडीतल्या सोनचाफ्याचा हार पास्कल अंकलच्या गळ्यात घातला. अंकल इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या खुर्चीत बसले होते. शुक्रवारनंतर दोन दिवस गेले होते, पाय चपलेत मावत नव्हते, पट्टे सोडलेले. तरी चेहरा असा की लग्नाला आलेत आणि नवरदेव तेच आहेत. फोटो झाला. टेक्निशियनने पहिला संगणक चालू केला.

पडद्यावर आलं: या संगणकाची नोंद अस्तित्वात नाही.

दुसरा. नाही. तिसरा. नाही.

मी राधिकाकडे पाहिलं. ती म्हणाली की डायलिसिस एक, दोन, तीन तिनेच काढले. कुणी वापरतच नव्हतं.

"दोन मिनिटांचं काम आहे," मी सगळ्यांना सांगितलं आणि हसलो. ते हसू फोटोत आहे.

माझ्या खात्यातून नवी नोंद टाकली. उत्तर: तुमची मर्यादा संपली आहे. राधिकाच्या खात्यातून टाकली. तुमची मर्यादा संपली आहे. मेलेली सगळी आपापल्या जागी बसली होती, एकही उठायला तयार नव्हतं. मर्यादा लावताना समोर "कोणाला" असा प्रश्न आला होता तेव्हा मी रुबाबात "सगळ्यांना" निवडलं होतं. सगळ्यांत मीही असतो, हे मला प्रथमच कळलं.

तरीही मी घाबरलो नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण यानंतर मी कायम घाबरलेलाच आहे. माझ्याकडे मुख्य खातं होतं! त्याला मर्यादा नाही, ते मर्यादा उठवू शकतं, मेलेलं उठवू शकतं. सगळ्या किल्ल्यांची किल्ली. आणि चोराच्या हाती लागू नये म्हणून मी त्याला असं नाव दिलं होतं की कुणी त्याच्याकडे ढुंकून बघू नये. मी ते नाव टाइप केलं: जुना प्रिंटर, बिघडलेला.

असं खातं अस्तित्वात नाही.

पुन्हा टाइप केलं. स्वल्पविराम बदलून पाहिला. मग मला पाण्याखालून ऐकू आल्यासारखा माझाच आवाज आला.

"राधिका, जुना प्रिंटर कुठे आहे?"

"भंगारात गेला ना सर. गणपतीच्या आधीच."

"तो नाही. डिरेक्टरीतला."

"मग तोही काढला. खरा गेला तर नाव कशाला ठेवायचं?"

तिचं काही चुकलेलं नव्हतं. हीच तर अडचण होती.

श्रीरंगकाकांनी घसा साफ केला आणि म्हणाले की प्रिंटर नवा घेऊ, त्यासाठी माणसाला खुर्चीत कशाला ताटकळत ठेवलंय?

८

डिरेक्टरी ज्या कंपनीने बसवली तिला फोन लावला. आमच्याकडे मोबाइलची रेंज एकाच जागी येते. आयसीयूच्या बाहेर, नातेवाइकांच्या बाकाजवळ. ती सुद्धा ओरडलं तरच.

"हो, मयत झालीय!" मी ओरडलो. "शनिवारी. नाही हो, चुकून. आमच्या रिसेप्शनच्या मुलीकडून. परत जिवंत करता येईल ना?"

बाकावरची माणसं उभी राहिली.

"येते? अगदी पहिल्यासारखी? मग आजच या ना. इथे येऊनच करावं लागेल का? बुधवारी? त्याच्या आधी नाही जिवंत होणार?"

फोन ठेवून वळलो तर एका म्हाताऱ्या बाईने माझं कोपर धरलेलं. ते डॉक्टर इथे येतात की पेशंटला तिकडे न्यावं लागतं, असं तिने विचारलं. मी तिला सांगायला लागलो की आजी, हे संगणकाचं आहे. बोर्डाचं सांगितलं, नोंदीचं सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली की बरं, पण माझ्या माणसाचं त्यांच्या कानावर घालून ठेवा.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

आत आलो. फुगे तसेच होते. पास्कल अंकल हारासकट खुर्चीत.

"काय म्हनतात?"

"बुधवारी जिवंत होईल, अंकल."

त्यांनी बोटं मोजली. "सोम, मंगळ, बुध. तिसऱ्या दिवशी." मान डोलावली. "बरोबर हाय. आमच्यात तसंच असतं."

आल्बिना सिस्टर फिस्सकन हसल्या. मग त्यांनी हसणं थांबवलं, किंवा ते आपोआप दुसऱ्याच कशात तरी बदललं. त्यांनी फुग्यांकडे पाठ केली आणि मला विचारलं, "आणि आज?"

९

बोरिवलीची खुर्ची दुसऱ्याला गेली होती. तिकडच्या माणसाने फोनवर केक छान होता असं सांगितलं. सिस्टरांनी आणखी चार ठिकाणी विचारलं. प्रत्येक ठिकाणी रांग. दुपार झाली. अंकलच्या डोळ्यांखाली सूज आली, श्वास घेताना खांदे उचलले जायला लागले. ते खुर्चीतच होते. कुणी उठा म्हटलं नाही आणि बसा म्हणायला तोंड नव्हतं. शेजारी यंत्र चकचकीत, नवं कोरं, सुरू व्हायला तयार, आणि मी त्याच्यासमोर बसून एकामागून एक पासवर्ड टाकत होतो. उन्नतीचं नाव, लग्नाची तारीख. जे खातंच नाही त्याचे पासवर्ड. दुसरं मला काही येत नव्हतं.

शेवटी नालासोपाऱ्याहून फोन आला. संध्याकाळच्या पाळीतला एक पेशंट आलेला नाही, लगेच या. तो का आला नाही, हे आम्ही विचारलं नाही.

सिस्टर पुढे रिक्षावाल्याशेजारी अर्ध्या सीटवर बसल्या, मला मागे बसायला सांगितलं, म्हणजे अंकलला टेकायला खांदा मिळेल. खांदा तरी उपयोगी पडला. मला तहान लागली होती, मी बाटली काढली आणि अंकलची नजर बाटलीवर गेली. त्यांना दिवसाला मोजके घोट. मी झाकण न उघडता बाटली पायाखाली सरकवली.

"पी रे. तुज्या पान्यावर कुनी कोटा नाय लावला."

मी प्यायलो नाही. थोड्या वेळाने ते डोळे मिटून म्हणाले, "सुमेध, मी जर रस्त्यात गेलो तर कोनाच्या नावावर मोजनार? तुज्या का त्या पोरीच्या?"

"अंकल, असं बोलू नका ना."

"इचारून ठेवतो. नियमात काय हाय ते सांग."

"माझ्या," मी म्हटलं.

"सहा महिने?"

"सहा महिने."

"बरं हाय." ते माझ्या खांद्यावर जड झाले. "तवर आल्बिनाला एकटं वाटनार नाय."

पुढच्या सीटवर सिस्टरांची पाठ हलली नाही. नालासोपाऱ्याच्या सिग्नलला त्यांनी हात मागे केला, न बघता, आणि अंकलचा गुडघा धरला. त्या रिक्षात मला पहिल्यांदा कळलं की मी दहा लिहिलं तेव्हा नेमकं काय लिहिलं होतं.

सुई लागली तेव्हा अंधार पडला होता. मी बाहेरच्या पायरीवर बसून होतो. चाफ्याचा हार माझ्या मांडीवर, तपकिरी झालेला. घरी जाऊन उन्नतीला सगळं सांगितलं. तिने जेवण वाढलं आणि एवढंच विचारलं की मग नोंद या शब्दाच्या जागी दुसरं काय लिहायला हवं होतं. मी शब्दकोश उघडला नाही.

१०

बुधवारी कंपनीचा माणूस आला. जुना प्रिंटर उठवला, डायलिसिस एक, दोन, तीन उठवले, मर्यादा काढून टाकली. चहा येईपर्यंत सगळं उरकलं होतं. मग त्याने चहा घेता घेता सहज विचारलं की दहा का, आणि मुळात मर्यादा लावलीच का. मी त्याला बिस्कीट दिलं.

संध्याकाळी पास्कल अंकल पहिल्या खुर्चीत बसले. यावेळी हार नाही, फीत नाही. पडद्यावर आकडे आले, बोरिवलीहून डॉक्टरांनी हो म्हटलं, यंत्र घरघरायला लागलं. अंकलनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाले की टायमिंग बरोबर हाय. आल्बिना सिस्टर स्टूल ओढून शेजारी बसल्या. चार तास उठल्या नाहीत. मी दारात उभा होतो. त्यांनी मला आत बोलावलं नाही, हाकललंही नाही.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर, त्या उडालेल्या प्लास्टरवर, सिस्टरांच्या अक्षरात नवी सूचना लागली: संगणक विभागाने सूचना लावू नयेत. ती मराठीत आहे, तिच्यात एकही चूक नाही, आणि तिचा गैरसमज आजवर कुणाचाही झालेला नाही.

आमच्या डिरेक्टरीत दोनशे कोटी नोंदी मावतात. मी सूचना लिहिली त्या गुरुवारी आमच्याकडे हजारसुद्धा नव्हत्या.